न उगवलेल्या तासाची नोंद

काटे हे तिचं आडनाव नव्हतं. काटेकोरपणावरून ऑफिसात तिला ते नाव पडलं आणि इतकं चिकटलं, की हजेरी लिहिणाऱ्या बाईंनाही तिचं खरं नाव आठवायला क्षणभर छताकडे बघावं लागे. तिची स्वतःची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. वेळेचं काम करणाऱ्या माणसाला लोक काटे म्हणाले, तर त्यात वावगं काय, असं ती म्हणायची.

ऑफिसात काम होतं सोळा बंदरांतल्या पाण्याच्या नोंदी सांभाळण्याचं. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या बंदरात पाणी किती चढलं होतं. या नोंदी लागणारे लोक शेकड्यांनी होते. कोणी पूल बांधत होतं, कोणी मच्छीमारांसाठी ॲप चालवत होतं, कोणी विद्यापीठात बसून समुद्र किती वाढला ते शोधत होतं. त्यांचे प्रोग्राम काटेच्या एपीआयला प्रश्न विचारत आणि एपीआय उत्तर देई. एपीआय म्हणजे काय, असं आईने एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "कचेरीतली खिडकी समज. बाहेरून चिठ्ठी सरकवायची, आतून उत्तर येतं. आत किती कपाटं आहेत याच्याशी बाहेरच्याला देणंघेणं नाही." त्यावर आई म्हणाली, "आणि जेवणाची सुट्टी?" काटे म्हणाली, "या खिडकीला तेवढी नाही."

या खिडकीचा एक नियम काटेने स्वतः घालून दिला होता आणि तो मोडलेला तिला खपत नसे. आत कपाटात प्रत्येक वेळ एकाच जागतिक घड्याळात ठेवायची. बाहेर देताना मात्र त्या बंदराच्या घड्याळात द्यायची, आणि ते घड्याळ त्या दिवशी जगाच्या किती पुढे किंवा मागे होतं तेही सोबत सांगायचं. कारण त्या देशातली घड्याळं वर्षभर एकसारखी नसत. उन्हाळा जवळ आला की एका रविवारी पहाटे दोन वाजता सगळा देश घड्याळ तासभर पुढे करी, आणि थंडीच्या तोंडावर पुन्हा मागे घेई. नुसतं "नऊ वाजून अडतीस" म्हणणं म्हणजे पत्त्यात गावाचं नावच न लिहिण्यासारखं.

एका सोमवारी सकाळी ईमेल आला. लिहिणारी बाई एका लहान बंदरात औषधांचं दुकान चालवत होती. तिने लिहिलं होतं:

"एकतीस वर्षांपूर्वीच्या एका दिवसाची भरती मी तुमच्या वेबसाइटवर बघितली. सकाळी नऊ अडतीसला पाणी पूर्ण भरलं, असं उत्तर आलं. माझे वडील त्या वेळी बंदरात वाटाड्या होते, म्हणजे बाहेरून आलेली जहाजं वाळूच्या दांड्यामधून आत आणायचं काम करायचे. त्यांच्या खिशातल्या डायरीत त्या दिवशी लिहिलंय: दहा पस्तीस, पाणी भरलेलं, थांबलेलं. तुम्हा दोघांपैकी कोण चुकतंय? ते शहात्तर वर्षांचे आहेत. मला खरं कळलं तर बरं होईल."

अशा ईमेलसाठी ऑफिसात एक ठरलेलं उत्तर होतं: नोंदी मूळ वह्यांवरून घेतल्या आहेत, आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार. काटेने ते चिकटवलंसुद्धा. पण पाठवायच्या बटणावर बोट अडलं.

माणसाची आठवण चुकते तेव्हा ती अशी नेमकी चुकत नाही. वीस मिनिटांनी चुकेल, दिवसाने चुकेल, जहाजच भलतं सांगेल. दोन-तीन मिनिटं सोडली तर बरोबर एका तासाने चूक झाली, की काटेला माणसाचा संशय येत नसे, घड्याळाचा येई. आणि हे तर आठवणीतलंही नव्हतं, त्याच दिवशी लिहिलेलं होतं. तिने ते ठरलेलं उत्तर पुसलं आणि लिहिलं, "शोधते. आठवडाभर द्या."

पहिला संशय तिने स्वतःवरच घेतला. जागतिक घड्याळातून गावच्या घड्याळात येताना आपला प्रोग्राम कुठे अडखळतो का? त्या वर्षी घड्याळं कुठल्या रविवारी पुढे केली होती ते तिने जुन्या राजपत्रातून काढलं. डायरीतला तो दिवस त्यानंतर दहा दिवसांनी येत होता. उन्हाळी वेळ लागू झाली होती, प्रोग्रामने ती लावलीही होती. हिशोब चोख. तिने पुन्हा केला. पुन्हा चोख.

मग तिने त्या घड्याळ बदलण्याच्या रविवारीच डोकावलं. त्या लहान बंदरात तेव्हा तासातासाची नोंद होत असे. तो रविवार तेवीस तासांचा, म्हणजे तेवीस ओळी हव्यात. कपाटात, म्हणजे संगणकात, तेवीसच होत्या. इथवर ठीक. पण मूळ वहीच्या पानाचा फोटो उघडला तेव्हा काटे खुर्चीत सरळ झाली. वहीत चोवीस ओळी होत्या. एक वाजता, दोन वाजता, तीन वाजता, अशा ओळीने, बारीक तिरक्या अक्षरात. दोन वाजता पाणी एक मीटर बारा.

पण त्या पहाटे त्या गावात दोन वाजलेच नव्हते. एक एकोणसाठनंतर थेट तीन. जो तास गावात उगवलाच नाही, त्या तासाला कोणीतरी पाणी मोजलं होतं.

वह्या संगणकात भरणाऱ्या जुन्या प्रोग्रामने काय केलं ते आता तिला दिसलं. अशी वेळ असूच शकत नाही म्हणून त्याने दोनला गुपचूप तीन केलं होतं. मग तीनच्या दोन ओळी झाल्या, तेव्हा पहिली टाकून दुसरी ठेवली. ना तक्रार, ना चेतावणी. ताकास तूर लागू दिली नाही. तिने पुढची वर्षं उघडली. दर वर्षी त्या रविवारी वहीत चोवीस, कपाटात तेवीस.

साहेबांना तिने हे दाखवलं. साहेब म्हणजे विभागाचे प्रमुख, तीस वर्षं नोंदींमध्येच मुरलेले, आणि मूळ वही म्हणजे दगडावरची रेघ असं मानणारे.

"वही छापील आहे, काटे," ते म्हणाले. "चोवीस रकाने छापलेले. माणूस रिकामा रकाना बघून अस्वस्थ होतो, काहीतरी लिहून टाकतो. यावरून तुम्ही काय सिद्ध करणार?"

"यावरून काहीच नाही," काटे म्हणाली. "पण विचारायला तर लागेल."

"कोणाला?"

"सध्या शेजारच्या बंदराला."

त्या किनाऱ्यावर भरती उत्तरेकडून येते. आधी मोठं बंदर भरतं, मग लाट दक्षिणेला सरकते आणि अकरा मिनिटांनी हे लहान बंदर भरतं. आताची स्वयंचलित यंत्रं हेच सांगत होती, उन्हाळा असो की हिवाळा, अकरा मिनिटं, फार तर मिनिट-दोन मिनिटं इकडेतिकडे. लहान बंदरात हाताने वह्या लिहिल्या गेल्या त्या एकोणीस वर्षांच्या भरत्या काटेने दोन्ही बंदरांतून काढल्या, त्यांची वजाबाकी केली आणि आलेख मांडला. मग चहा तसाच ठेवून ती त्याच्याकडे बघत बसली.

हिवाळ्यात अकरा मिनिटं नंतर. घड्याळं पुढे केलेल्या रविवारपासून एकोणपन्नास मिनिटं आधी. थंडीच्या तोंडावर पुन्हा अकरा मिनिटं नंतर. एकोणीस वर्षं, दर वर्षी, जिन्याच्या पायरीसारखं. नोंदींवर विश्वास ठेवायचा, तर दर उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावरचा समुद्र उलटा वाहत होता.

"समुद्र उलटा वाहत नसणार," साहेब आलेख बघून म्हणाले.

"नाही. वही लिहिणाऱ्याने घड्याळ कधी पुढे केलंच नसणार. तो वर्षभर साध्या वेळेतच लिहीत होता, आणि आपण उन्हाळी समजून वाचत होतो. वहीतलं नऊ अडतीस म्हणजे गावातलं दहा अडतीस."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे वही चुकली म्हणायची."

"वही बरोबर आहे. वाचणारे चुकले."

"अंदाज म्हणून ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण एवढ्या नोंदी नुसत्या वजाबाकीवर बदलणार नाही मी. लिहिणारा हयात असेल तर त्याला विचारून या."

लिहिणारा हयात होता. चौऱ्याऐंशीचा. औषधवाल्या बाईने फोनवर लगेच सांगितलं, "पाणमोजे आजोबा ना? गोळ्या माझ्याकडूनच घेतात. या तुम्ही, मी घर दाखवते." मग तिने विचारलं, "काही सापडलं का?"

"बहुतेक. पण आत्ताच वडिलांना काही सांगू नका. अर्धवट सांगून उपयोग नाही."

बुधवारी काटे बसने त्या गावी गेली. औषधवाली दुकानाला कुलूप लावून तिच्यासोबत निघाली, आणि धक्क्याच्या कडेने चालता चालता तिने राहिलेली गोष्ट सांगितली. त्या सकाळी तिच्या वडिलांनी एक मालवाहू जहाज आत आणलं आणि ते दांड्यावर रुतलं. माणसं सुखरूप होती, पण जहाजाचा तळ फाटला. चौकशी बसली ती दूर, मुख्य कचेरीत. भरतीच्या माथ्यावर आणलं, असं वडील सांगत राहिले. चौकशीवाल्यांनी वहीतल्या त्या दिवसाच्या पानाची नक्कल मागवली. तिच्यात नऊ अडतीस. म्हणजे तासभर उशीर, ओहोटी लागल्यावर जहाज आणलं, निष्काळजीपणा. भरतीचं छापील वेळापत्रक वडिलांच्या बाजूने बोलत होतं, पण आदल्या दिवशी वादळ होतं. अंदाज तो अंदाज, वही डोळ्यांनी बघून लिहिलेली, असं म्हणून त्यांनी वेळापत्रक बाजूला सारलं. परवाना दोन वर्षांसाठी गेला.

"दोन वर्षांनी मिळाला परत?" काटेने विचारलं.

"मिळाला. त्यांनी घेतला नाही. दोरखंडाच्या गोदामात लागले. सुरुवातीला भांडायचे, पाणी थांबलं होतं, मी बघितलं, म्हणायचे. मग हळूहळू म्हणायला लागले, वहीत आहे म्हणजे आपलंच काही चुकलं असेल. मला त्याचंच वाईट वाटतं, ताई. चुकले असते तरी चाललं असतं. पण स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला त्यांचा."

पाणमोजे आजोबांचं घर दोन खोल्यांचं होतं, आणि दोन्ही खोल्यांत मिळून पाच घड्याळं. पाचही एकच वेळ दाखवत होती. आजोबा खिडकीशी बसले होते. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून आजी मध्ये बसून मोठ्याने पुन्हा सांगत, आणि बहुतेक वेळा त्यांच्याआधी उत्तरही देऊन टाकत.

काटेने विचारलं, "आजोबा, उन्हाळ्यात घड्याळं पुढे करायचे, तेव्हा तुम्ही पाण्याच्या खोलीतलं घड्याळ पुढे करायचात का?"

आजींनी सांगायच्या आधीच आजोबांना नेमकं ऐकू आलं. "कशाला?" ते म्हणाले.

"म्हणजे नाही करायचात?"

"तिथे ढोल होता, बाई. त्यावर कागद, कागदावर पेन. खाली पाण्यात तरंगा. पाणी चढलं की पेन चढायचं, घड्याळ ढोल फिरवायचं. घड्याळ पुढे करायचं म्हणजे ढोलाला धक्का द्यायचा. कागदावर खोट पडली असती. आणि कोणासाठी? समुद्र काय राजपत्र वाचतो?"

"मला विचारा ना," आजी म्हणाल्या. "सहा-सात महिने हे जेवायला तासभर उशिरा. यांचा एक वाजायचा तेव्हा माझे दोन. दोन घड्याळांचा संसार केलाय मी."

"कुठे लिहून ठेवलं होतंत का हे? साध्या वेळेत लिहितो म्हणून?"

आजोबा तिच्याकडे असे बघू लागले, की तिला आपणच शाळेत गृहपाठ विसरून गेल्यासारखं वाटलं. "दर वर्षीच्या वहीच्या पहिल्या पानावर," ते म्हणाले. "लाल शाईने."

काटेने वह्यांचे सगळे फोटो पाहिले होते. ते पान कुठेच नव्हतं. तिने लॅपटॉप उघडून पुन्हा बघितलं. प्रत्येक वहीचे फोटो दुसऱ्या पानापासून सुरू होत होते. पहिल्या पानावर आकडे नव्हते ना. फोटो काढणाऱ्याला सांगितलं होतं आकड्यांचं, त्याने आकड्यांचे काढले.

"आणि चौकशीच्या वेळी? त्यांनी पान मागवलं तेव्हा?"

"कुठली चौकशी?"

इथे औषधवाली पुढे झाली. आजोबांशेजारी बसून तिने त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं, सावकाश, आवाज न चढवता. आजींनी या वेळी मध्ये तोंड घातलं नाही.

"पानाची नक्कल मागितली होती," आजोबा म्हणाले. "मी केली, सही केली, दिली. कशाला हवी ते कोणी सांगितलं नाही. कुठलं घड्याळ ते कोणी विचारलं नाही. जहाज रुतलं एवढंच गावात बोलत होते. मला वाटलं, वाळूमुळे." ते उठू लागले. "माझी काठी कुठाय?"

"कुठे निघालात?" आजी म्हणाल्या.

"आधी वही बघायला. मग त्याच्याकडे."

वह्या बंदराच्या जुन्या कोठारात होत्या, रंगाचे डबे आणि मोडक्या बोयांच्या मागे. कोठारवाल्याने किल्ली दिली आणि धुळीला भिऊन तो बाहेरच थांबला. एकतीस वर्षांपूर्वीची वही काटेला वरून तिसऱ्या फळीवर मिळाली. पहिल्या पानावर लाल शाई जरा गुलाबी झाली होती, पण अक्षर लख्ख होतं: या वहीतील सर्व वेळा वर्षभर साध्या घड्याळाच्या आहेत. उन्हाळी वेळेसाठी एक तास मिळवावा. खाली सही. काटेने फोटो काढला. मग उरलेल्या अठरा वह्यांची पहिली पानं एकेक करून उघडली. वाक्य सगळीकडे तेच, एका शब्दाचाही फरक नाही. आपल्याला लोक काटेकोर म्हणतात हे आठवून ती जरा ओशाळली.

वाटाड्या दुकानामागच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसला होता. उंच, वाकलेला, कमी बोलणारा. पाणमोजे आजोबांना दारात बघून त्याने फक्त खुर्ची पुढे सरकवली. एकाच धक्क्यावर आयुष्य काढलेली दोन माणसं, पण एकतीस वर्षांत 'काय, कसं काय'च्या पुढे बोलणं गेलं नव्हतं.

काटेने आलेख आणला होता, फोटो होता, मनात वाक्यं जुळवली होती. त्यातलं काहीच लागलं नाही. आजोबांनी वही टेबलावर ठेवली, लाल ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तुझे दहा पस्तीस बरोबर होते. माझं नऊ अडतीस म्हणजे तुझं दहा अडतीस. मला विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. न विचारता सांगायला हवं होतं."

वाटाड्याने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग त्याने त्या दिवसाचं पान काढलं आणि बराच वेळ आकड्यांवरून बोट फिरवत राहिला. लेक दाराशी उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला होता, पण पुढे आली नाही.

"खांबाला शेवाळ लटकलं होतं," तो अखेर म्हणाला. "सरळ खाली. इकडे नाही, तिकडे नाही. मी बघितलं होतं."

"थांबलेलंच होतं पाणी," आजोबा म्हणाले.

"किती होतं?"

"तीन मीटर चाळीस."

"जहाजाला तीन दहा पुरत होतं." वाटाड्याने मान वर केली. काटेला वाटलं होतं, आता तो रडेल, रागावेल, निदान चौकशीवाल्यांचा उद्धार करील. त्याच्या चेहऱ्यावर मात्र दुसरंच काहीतरी उमटलं. "मग तीस सेंटिमीटर वाळू आली कुठून? आदल्या आठवड्यात मी स्वतः दोरी टाकून खोली मोजली होती."

"वादळ," आजोबा म्हणाले.

"वादळाने दांडा दक्षिणेला सरकतो. तोंडाशी येत नाही."

"ओढ्याला पूर आला असेल तर?"

"आला होता का?"

दोघांनी एकदम काटेकडे बघितलं. तिच्याकडे ओढ्यांच्या नोंदी नव्हत्या, पण कोणाकडे असतील ते तिला माहीत होतं. तिने लॅपटॉप उघडला. ती दुसरी खिडकी दुसऱ्या कचेरीची होती. तिथे चिठ्ठी सरकवण्याआधी काटेने पहिल्यांदा शोधलं ते इतकंच, की हे लोक वेळ कुठल्या घड्याळात देतात. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. "थांबा जरा," ती म्हणाली, "यांना आधी फोन लावावा लागेल." औषधवालीने डोळे पुसले आणि चौघांसाठी चहा टाकला.

ऑफिसात परतल्यावर साहेबांनी पहिल्या पानांचे एकोणीस फोटो शांतपणे पाहिले. सुमारे सत्त्याण्णव हजार नोंदी तासभर सरकवाव्या लागणार होत्या.

"लोक म्हणतील, काल वेगळं सांगत होतात," ते म्हणाले.

"काल चुकीचं सांगत होतो. तेही सांगू. जुनं उत्तर काय होतं, कधी बदललं, का बदललं, सगळं."

साहेबांनी होकार दिला. काम तीन आठवडे चाललं. गिळलेले ते दोन वाजताचे तास परत जागेवर आले. एपीआयच्या प्रत्येक उत्तरात काटेने दोन नवे रकाने घातले: वहीत वेळ जशी लिहिली होती तशीच, अक्षर न बदलता, आणि ती कुठल्या घड्याळाची होती हे आपल्याला कशावरून कळलं. बाकीच्या पंधरा बंदरांचा तो दुसरा रकाना भरायला ती बसली, तेव्हा नऊ ठिकाणी तिला "माहीत नाही" असं लिहावं लागलं. साहेबांना ते दिसायला बरं वाटेना. ती म्हणाली, खोटं लिहिण्यापेक्षा हे बरं, आणि पुढच्या महिन्याच्या दौऱ्याचा अर्ज तिने त्यांच्या टेबलावर ठेवला.

बंदर खात्याला सगळे कागद पाठवले, त्याचं उत्तर पाच महिन्यांनी आलं. चौकशीचा निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे, एवढीच ओळ, खाली शिक्का. औषधवालीने त्याचा फोटो पाठवला आणि सोबत लिहिलं, की वडिलांनी कागद वाचला, घडी घालून कपाटात ठेवला आणि विचारलं, ओढ्याचं काय झालं. पाणमोजे आजोबा आता रोज दुपारी येऊन बसतात. पूर आला होता हे दोघांना मान्य आहे, पण वाळू कुठल्या बाजूने आली यावर अजून एकमत होत नाही, आणि त्यासाठी त्यांना वादळाच्या आधीच्या महिन्यातली पाण्याची पातळी तासातासाने हवी आहे.

काटेने सातशे चव्वेचाळीस ओळी छापून, मोठ्या अक्षरात, पाकिटात घालून पाठवल्या. तो महिना घड्याळ बदलण्याच्या आधी सुरू होऊन नंतर संपत होता, म्हणून वरच्या कोपऱ्यात तिने हाताने लिहिलं: सर्व वेळा साध्या घड्याळाच्या.